रेड वाइन हृदयाला चांगली, हा समज आला कुठून?

‘दारू नको, पण रोज एक ग्लास रेड वाइन चालते, हृदयाला चांगली असते’, हे पुण्यात बाणेरच्या पार्टीपासून ज्येष्ठांच्या कट्ट्यापर्यंत कुठेही ऐकू येतं. आयुष्यभर थेंबही न घेतलेला माणूस साठीनंतर ‘औषध म्हणून’ सुरुवात करायचं मनावर घेतो, ही काळजीची गोष्ट आहे.

माफक पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असं अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी 1926 मध्येच मांडलं होतं. पण ते घराघरात पोचवलं टीव्हीने. फ्रेंच माणसं लोणी-चीज भरपूर खातात, तरी हृदयविकाराने कमी का मरतात, हा प्रश्न नोव्हेंबर 1991 मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने विचारला आणि उत्तर म्हणून रेड वाइन पुढे केली. अमेरिकेत तिचा खप झपाट्याने वाढला. 1992 मध्ये सर्ज रेनो आणि मिशेल द लोर्जेरिल या फ्रेंच संशोधकांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि समजाला शास्त्राचा शिक्का मिळाला.

मेख होती ती पिणारे आणि न पिणारे यांच्या तुलनेत. ‘न पिणारे’ या रकान्यात कधीच न प्यायलेल्यांबरोबर, यकृत किंवा रक्तदाब बिघडल्यावर सोडावी लागलेलेही होते. आधीच आजारी असलेली माणसं त्या बाजूला गेली, की माफक पिणारे आपोआप ठणठणीत दिसणार. ब्रिटनचे संशोधक जेराल्ड शेपर यांनी हे 1988 मध्ये, म्हणजे त्या कार्यक्रमाच्याही तीन वर्षं आधी, ‘लॅन्सेट’मध्येच लिहिलं होतं. शिवाय तिकडे जेवणासोबत ग्लासभर घेणारा वर्ग बहुधा शिकलेला, सुस्थितीतला, तब्येत जपणारा. त्याचं आयुष्य वाइनने वाढलं की सुबत्तेने, हे नुसत्या निरीक्षणातून कसं कळणार?

मग द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉल या रसायनाचा गुणकारी म्हणून गाजावाजा झाला. प्रयोगात उंदरांना दिलेल्या मात्रा माणसाला वाइनमधून मिळवायच्या तर शेकडो ग्लास रिचवावे लागतील. त्यातच 2012 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने या विषयातल्या आपल्याच एका संशोधकाच्या कामात 145 ठिकाणी बनावट किंवा फेरफार केलेली माहिती असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे या चर्चेत द्राक्षबागाही आल्या. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइननिर्मिती उभी केली, 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असंही ऐकवलं गेलं. बागायतदाराला चांगला भाव मिळायलाच हवा, पण त्यासाठी आरोग्याचा आधार घेणं मला पटत नाही. दीडशे मिलिलिटरच्या ग्लासात 12 टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे 14 ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि ते व्हिस्कीतल्यापेक्षा वेगळं नसतं.

अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, 1988 मध्येच टाकलं गेलं आहे. चीनमधल्या पाच लाख लोकांच्या अभ्यासात, 2019 मध्ये, पिण्यावर परिणाम करणारी जनुकं तपासली तेव्हा माफक पिण्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळत असल्याचं दिसलं नाही. उलट पिणं वाढेल तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढत गेला. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा नसल्याचं स्पष्ट केलं. धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो, असं तिचं म्हणणं आहे.