इलेक्ट्रोड नॅनोपर्यंत कसे पोहोचले

सुपरकपॅसिटर म्हणजे इलेक्ट्रोडच्या (विद्युतप्रवाह जिथून आत-बाहेर जातो त्या टोकाच्या) पृष्ठभागावरच वीज साठवणारं उपकरण. त्यात नॅनोरचना, म्हणजे मीटरच्या अब्जांश मापाची बांधणी, पहिल्यापासूनच होती, फक्त तिला त्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. घन आणि द्रव यांच्या सीमेवर विद्युतभाराचे दोन थर समोरासमोर उभे राहतात, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच मांडली होती. तिचा उपयोग व्हायला शतक लोटलं. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या हॉवर्ड बेकर यांनी १९५७ मध्ये सच्छिद्र कार्बनच्या कपॅसिटरचं पेटंट मिळवलं. आत नेमकं काय घडतं हे ठाऊक नसल्याची प्रामाणिक कबुलीही त्यातच आहे!

बॅटरीवाले मात्र नॅनोपासून चार हात लांबच होते, आणि ते चुकीचं नव्हतं. कण बारीक केला की पृष्ठभाग वाढतो, आणि त्यासोबत इलेक्ट्रोलाइटशी (आयन वाहून नेणाऱ्या द्रावणाशी) होणाऱ्या नको त्या अभिक्रियाही. त्यामुळे १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीतले कण मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापाचे होते.

हा समज बदलला तो नापास ठरू शकले असते अशा पदार्थांमुळे. बॅटरी-संशोधक जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट हा बॅटरीचा पदार्थ पुढे आणला. स्वस्त, सुरक्षित, पण वीजवहनात अगदीच कमजोर. कण लहान करून त्यांवर कार्बनचा पातळ लेप दिल्यावर ते कामाचं झालं. आयनाला (विद्युतभारित अणूला) पार करायचं अंतर दहापट घटलं, की लागणारा वेळ सुमारे शंभरपट घटतो. सिलिकॉनचं दुखणं वेगळं. ग्रॅफाइटच्या कितीतरी पट लिथियम ते सामावून घेतं, पण तसं करताना तिपटीहून अधिक फुगतं आणि तडकून भुगा होतं. स्टॅनफर्डमध्ये यी त्सुई (Yi Cui) यांच्या गटाने २००८ मध्ये त्याच्या नॅनोतारा वापरल्या. तारांभोवती मोकळी जागा असल्याने त्या न तुटता फुगू शकल्या.

मला सर्वांत रंजक वाटतो तो सुपरकपॅसिटरमधला २००६ चा शोध. आयन आपल्याभोवती द्रावकाच्या रेणूंचं वेष्टण घेऊन फिरतो, म्हणून कार्बनमधली त्याहून अरुंद छिद्रं वाया जातात, असं मानलं जाई. गोगोत्सी आणि सिमॉन या संशोधकांच्या गटांना एक नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) उलट वाढलेली आढळली. आयन वेष्टण काही अंशी उतरवून आत शिरतात, असं स्पष्टीकरण त्यांनी दिलं.

बॅटरीवाल्यांची जुनी शंका मात्र खोटी ठरलेली नाही. सुटी नॅनोपूड जागा फार खाते, नको त्या अभिक्रियांत इलेक्ट्रोलाइटही खर्च करते. म्हणून कारखान्यांत अनेकदा हेच कण पुन्हा मायक्रॉनच्या गोळ्यांत बांधून वापरले जातात.