गोखरूने टेस्टोस्टेरॉन वाढतं?

टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन; ते वाढवायला म्हणून जिममध्ये गोखरूच्या गोळ्यांचा दबदबा अजून आहे. बल्गेरियाचे वेटलिफ्टर म्हणे तेच खायचे! पण बल्गेरियाच्याच संशोधकांनी निरोगी तरुणांना चार आठवडे गोखरूचा अर्क देऊन पाहिला. २००५ साली निष्कर्ष छापून आला: टेस्टोस्टेरॉन जागचं हललं नाही.

झिंकचंही तसंच. शरीरात कमतरता असेल तरच फरक पडतो; भरल्या घागरीत आणखी ओतून काय होणार? लठ्ठ माणसाचं वजन उतरलं की मात्र पातळी खरोखर वाढते. (याची जाहिरात कोण करणार?)

कामेच्छा घटली, थकवा जात नाही, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना भेटून सकाळी रक्त तपासा. पातळी तेव्हा सर्वाधिक असते. एकाच रिपोर्टवर निदान करत नाहीत, वेगळ्या दिवशी पुन्हा तपासतात.