मिनिपिग पेशीवंश

लहान जातीच्या डुकरांच्या शरीरातून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना मिनिपिग पेशीवंश किंवा सेल लाइन म्हणतात. त्यांच्यापासून क्लोन डुकरे तयार करायची आणि त्यांचे अवयव माणसाला चालतात का, हे पाहायचे, असा हा खटाटोप. सोलापुरात आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसला बसणाऱ्या आणि मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या माणसासाठी तो क्षुल्लक नाही.

डुकराचे हृदय व मूत्रपिंड आकाराने माणसाच्या अवयवांच्या जवळचे. पण साधे पाळीव डुक्कर दोनशे किलोंच्या पुढे जाते आणि बसवलेला अवयवही त्याच ओढीने वाढू शकतो. जर्मनीतली गॉटिंगेन मिनिपिग चाळीस किलोंच्या आसपास थांबते.

क्लोन म्हणजे काय, हे सांगोल्याच्या डाळिंब बागायतदाराला नव्याने सांगावे लागत नाही. भगव्याची गुटी बांधली की मातृझाडाचीच नक्कल हाती येते. डुकराच्या बाबतीत मात्र वाट लांबची. गर्भाच्या त्वचेचा किंवा कानाचा तुकडा बारीक चिरून ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) पेशी सुट्या करतात आणि सीरम घातलेल्या पोषक द्रवात उबेला ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गिरणीतल्या चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात, याच फायब्रोब्लास्ट. भांड्याचा तळ भरला की त्या वाटून नव्या भांड्यांत घालायच्या, हा एक ‘पॅसेज’. काही कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर जपून ठेवतात.

सगळी कसोटी पेशीच्या वयाची आहे. जनुकात बदल केल्यावर एकाच पेशीपासून पुन्हा सगळी वसाहत वाढवावी लागते आणि त्यातच तिची विभाजनाची ताकद संपत येते. म्हाताऱ्या पेशीत ३८ गुणसूत्रांची घडी विस्कटते. म्हणून कमी पॅसेजच्या, शक्यतो गर्भाच्या पेशींना पसंती. पीके-१५ हा डुकराच्या मूत्रपिंडातला पेशीवंश कितीही वाढतो, पण त्याची गुणसूत्रे बिघडलेली असल्याने क्लोनसाठी तो निरुपयोगी. २०१५ मध्ये याच पेशींत डुकराच्या जनुकसंचात मुरलेल्या पर्व्ह विषाणूच्या ६२ प्रती निकामी करून दाखवल्या. जिवंत पिल्लांसाठी मात्र फायब्रोब्लास्टकडेच वळावे लागले आणि ती २०१७ मध्ये जाहीर झाली.

निवडलेल्या पेशीचे केंद्रक, स्वतःचे केंद्रक काढलेल्या बीजांडात घालतात. तो भ्रूण दुसऱ्या मादीच्या पोटात सुमारे ११४ दिवस वाढतो. शेकडो भ्रूणांमागे पिल्ले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. डुकराचे पहिले क्लोन २००० साली जन्मले. २००२ च्या सुरुवातीला मिसुरी विद्यापीठातील गटाने मिनिपिगच्या गर्भपेशींतून अशी पिल्ले जाहीर केली, ज्यांच्यात अल्फा-गॅल ही साखर घडवणाऱ्या जनुकाची एक प्रत बंद होती. माणसाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना हीच साखर खुपते आणि अवयव काही मिनिटांत काळा पडू शकतो. मार्च २०२४ मध्ये बोस्टनमध्ये रिचर्ड स्लेमन या रुग्णाला ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड बसवले. ते सुमारे दोन महिने जगले.

तेल्या लागलेल्या झाडाची गुटी बांधली तर रोग रोपाबरोबर येतो. पर्व्हचेही तसेच, तो पेशीतच कापावा लागतो. डुकराचा सायटोमेगॅलो विषाणू मात्र वेगळा. २०२२ मध्ये मेरीलँडमध्ये माणसाला बसवलेल्या डुकराच्या हृदयात तो आढळला होता. पिल्लू जन्मल्याबरोबर आईपासून वेगळे करून बंदिस्त, स्वच्छ जागेत वाढवले तर तो टाळता येतो.