कनेक्टेड कारमधील बिनतारी संदेशवहन

मोटारगाडी आणि तिच्या बाहेरचे जग, म्हणजे इतर गाड्या, सिग्नलचे खांब, मोबाइलचे जाळे आणि चालकाचा फोन, यांच्यात रेडिओलहरींमार्फत चालणारी माहितीची देवाणघेवाण. ही सगळी कामे एकाच रेडिओला जमत नाहीत. किती लांब पोहोचायचे आणि किती उशीर चालेल, यावरून तंत्र ठरते.

जवळच्या कामांना साधे रेडिओ पुरतात. टायरमधील हवेचा दाब मोजणारे सेन्सर ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्‌झवर छोटे संदेश पाठवतात, तर फोन ब्लूटूथने जोडला जातो. किल्ली खिशातच ठेवून दार उघडण्याच्या सोयीत मात्र एक फट राहिली. घरातल्या किल्लीचा सिग्नल दोन उपकरणांच्या मदतीने दाराबाहेरच्या गाडीपर्यंत पोहोचवून चोर गाडी पळवू लागले. त्यावर अल्ट्रा-वाइडबँड हा चांगला तोडगा आहे. त्यात सिग्नलचा जोर न पाहता त्याला जाण्यायेण्यास लागणारा वेळ मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. मध्ये उपकरण घातले की हा वेळ वाढतो आणि किल्ली दूर असल्याचे उघड होते.

लांबच्या कामांसाठी मोबाइलचे जाळे वापरतात. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ऑनस्टार ही गाडीतून मदत मागवण्याची सेवा सुरू केली. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्याने मंजूर होणाऱ्या मोटारींच्या मॉडेलांना ‘ई-कॉल’ बंधनकारक आहे. अपघातात एअरबॅग उघडली की गाडी आपणहून ११२ क्रमांक लावते आणि ठिकाण, वेळ, प्रवासाची दिशा अशी जास्तीत जास्त १४० बाइट माहिती देते. मूळ रचनेत ही माहिती टू-जी किंवा थ्री-जीच्या आवाजी कॉलमधूनच जाते. अडचण इथेच आहे, कारण गाडी पंधरा-वीस वर्षे चालते आणि जाळ्याची पिढी त्याआधीच निवृत्त होऊ शकते. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्री-जी बंद झाल्यावर अनेक धडधाकट गाड्यांच्या जोडलेल्या सेवा थांबल्या. जाळ्यातून धोकाही आत येतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या संशोधकांनी घरबसल्या, मोबाइल जाळ्यातून, धावत्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला. त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या.

जीव वाचवण्याची सर्वाधिक शक्यता आहे ती गाडीने गाडीशी थेट बोलण्यात. प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आपले स्थान, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती आसपास जाहीर करते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन संदेशांच्या मध्ये पावणेतीन मीटर पुढे सरकते, म्हणून इथे उशीर परवडत नाही. पुढे मोठा ट्रक असेल, तर त्याच्याही पुढच्या गाडीने करकचून ब्रेक दाबल्याचे ना डोळ्यांना दिसते ना कॅमेऱ्याला; रेडिओसंदेश मात्र पोहोचू शकतो.

यासाठी दोन घराणी उभी राहिली. पहिले वाय-फायचे: आयईईई ८०२.११पी हे २०१० चे मानक. नेहमीच्या वाय-फायमध्ये आधी ओळख पटवून जोडणी करावी लागते. समोरासमोरून जाणाऱ्या गाड्यांना तेवढी सवड नसते, म्हणून हा टप्पाच काढून टाकला आहे. दुसरे मोबाइलचे: सी-व्हीटूएक्स (सेल्युलर व्हेइकल-टू-एव्हरीथिंग, म्हणजे मोबाइलच्या तंत्राने गाडीचा सर्वांशी संवाद), ज्याची पहिली मानके २०१७ मध्ये पूर्ण झाली. त्यातही गाड्या टॉवरविना थेट बोलू शकतात. पण दोन्हींचे रेडिओ एकमेकांना समजत नाहीत. अमेरिकेने १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील ७५ मेगाहर्ट्‌झ वाहतुकीसाठी राखून ठेवले होते. २०२० मध्ये त्यातले ४५ वाय-फायसारख्या वापराला देऊन उरलेले ३० सी-व्हीटूएक्सकडे वळवले. चीननेही मोबाइल घराणेच निवडले. युरोपात फोक्सवॅगनने २०१९ च्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये वाय-फाय घराण्याचा रेडिओ बसवला, तर जपानमध्ये ७६० मेगाहर्ट्‌झचा वेगळाच पट्टा वापरला जातो.

कोणते घराणे सरस, यापेक्षा रेडिओ किती गाड्यांत आहे हा प्रश्न अधिक कळीचा आहे. दहापैकी एका गाडीत तो असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत असण्याची शक्यता शंभरात एकच. सुरुवातीच्या ग्राहकाला खर्च पडतो, पण लाभ फारसा मिळत नाही. त्यामुळे सरकारी सक्तीविना हा प्रसार रखडतो.

संदेश खोटा नाही हे पटावे म्हणून त्यावर डिजिटल सही असते. तीच सही कायम ठेवली, तर रस्त्याकडेला रेडिओ लावून कोणीही त्या गाडीचा माग काढू शकेल. म्हणून गाडी नाव न सांगणारी तात्पुरती प्रमाणपत्रे वापरते आणि ती वरचेवर बदलते.