कलाशिक्षणासाठी ऑनलाइन लोकवर्गणी

सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांमध्ये चित्रकला, संगीत, नृत्य, नाट्य, हस्तकला यांना लागणारे साहित्य, वाद्ये आणि उपक्रमांचा खर्च इंटरनेटवरून अनेकांकडून थोडा थोडा करून जमवण्याची पद्धत. यासाठी ‘क्राउडफंडिंग’ हा शब्द आता सर्रास वापरला जातो. पण लोकवर्गणी या जुन्या शब्दातही तोच अर्थ आहे. इमारत, फळा, पाठ्यपुस्तके यांची तरतूद शाळेच्या अंदाजपत्रकात कशीबशी होते. रंग, कागद, माती, वाद्यांच्या तारा या वापरून संपणाऱ्या वस्तूंसाठी ती तोकडी पडते, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री बहुधा कलेच्या तासालाच लागते.

लोकवर्गणीचे तंत्र इंटरनेटपेक्षा जुने आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी रखडला, तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन केले. सुमारे पाच महिन्यांत १ लाख ६० हजारांहून अधिक लोकांनी मिळून १ लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती, तरी प्रत्येक देणगीदाराचे नाव छापून आले. लहान देणगीचीही जाहीर पोच द्यायची, ही रीत आजच्या ऑनलाइन मोहिमांनी तशीच उचलली आहे. शाळांपुरते बोलायचे तर २००० साली न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या सरकारी शाळेतले शिक्षक चार्ल्स बेस्ट यांनी ‘डोनर्सचूज’ हे शाळांसाठी देणग्या जमवणारे संकेतस्थळ सुरू केले. तेथे शिक्षक वर्गाची गरज वस्तूंच्या यादीसह मांडतात. पैसे पुरे झाले की संस्था स्वतः त्या वस्तू विकत घेऊन शाळेत पोचवते. शिक्षकाच्या हाती रोकड येत नाही. हिशेबाचे निम्मे वाद या एका नियमामुळे मुळातच टळतात.

पुढे सर्वसाधारण व्यासपीठे, म्हणजे वर्गणी जमवून देणारी संकेतस्थळे, आली. ‘इंडिगोगो’ २००८ मध्ये, ‘किकस्टार्टर’ २००९ मध्ये आणि ‘गोफंडमी’ २०१० मध्ये सुरू झाले. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाही तर देणगीदारांच्या खात्यातून काहीच वळते होत नाही. शिवाय धर्मादाय कामासाठी निधी मागायला तेथे परवानगी नाही. काही व्यासपीठांवर जमेल तेवढी रक्कम घेता येते. यांतले काय निवडायचे हे वस्तूवर ठरते. रंग आणि कागद निम्म्या पैशांत निम्मे येतात. मातीची भांडी भाजायची भट्टी मात्र निम्मी येत नाही, म्हणून तिच्यासाठी ‘पूर्ण किंवा काहीच नाही’ हीच पद्धत सुरक्षित.

पहिले पाऊल म्हणजे मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. पैसे कोणाच्या खात्यात येणार, आलेली वस्तू कोणाच्या मालकीची, शिक्षकाची बदली झाली तर ती कुठे राहणार, हे त्या कागदावर स्पष्ट असावे. शिक्षकाच्या वैयक्तिक बचत खात्यात देणग्या घेणे ही सर्वांत वारंवार होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. हेतू कितीही निर्मळ असला तरी ती रक्कम कागदोपत्री त्या व्यक्तीचे उत्पन्न दिसते आणि शाळेला तिचा हिशेब तपासता येत नाही. वस्तू आल्या की त्यांची नोंद शाळेच्या साठानोंदवहीत त्याच दिवशी करावी.

दुसरे काम यादीचे. ‘मुलांच्या कलाविकासासाठी मदत करा’ या वाक्याने कोणाचा हात खिशाकडे जात नाही. ४० मुलांच्या वर्गाला लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, कोरून ठसे काढायला शिकवायचे असेल, तर यादी अशी होते : लिनोचे ४० तुकडे आणि कोरताना बिघडतील म्हणून आणखी ५, कोरण्यांचे १० संच आणि सुटी पाती, पाच मुलांमागे एक या हिशेबाने शाई पसरवायचे ८ रूळ, लिनो पकडून ठेवणाऱ्या लाकडी खाचपट्ट्या २०, पाण्यात धुता येणारी शाई, आणि कागद. कागदाचा हिशेब हमखास चुकतो. प्रत्येकी तीन ठसे म्हणजे १२० कागद. पण नवख्या हाताचा पहिला ठसा एक तर फिका येतो किंवा शाईने भरून जातो, म्हणून १८० धरावेत. खाचपट्ट्या यादीतून गळतात आणि मग कोरणी निसटून बोट कापते. संगीतातही तसेच. व्हायोलिन पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत येते आणि मुले वर्षा-दोन वर्षांत माप ओलांडतात. सगळी एकाच मापाची घेतली तर पुढच्या वर्षी निम्मी कपाटात पडून राहतात. तारा, गजाला लावायची राळ आणि दुरुस्तीसाठी वाद्यांच्या किमतीचा दहावा हिस्सा तरी वेगळा धरावा.

भट्टीचे उदाहरण याहून बोलके आहे. कच्ची भांडी साधारण १,००० अंश सेल्सिअसला भाजावी लागतात. त्यासाठी वेगळी वीजजोडणी, हवा खेळती राहण्याची सोय आणि आसपास मोकळी जागा लागते. मोहिमेत फक्त भट्टीची किंमत मागितली, तर भट्टी येते आणि वायरिंगच्या मंजुरीची वाट पाहत खोक्यातच राहते. देणगीदार फोटो मागतात तेव्हा दाखवायला खोके असते. वस्तू चालू करण्याचा खर्च हा वस्तूचाच खर्च आहे, हे यादी करतानाच धरून चालावे.

उद्दिष्टाची रक्कम काढताना गणितात एक बारीक गफलत होते. व्यासपीठाचे आणि पैसे वळते करण्याचे शुल्क मिळून ८ टक्के असेल आणि हातात १०,००० हवे असतील, तर १०,८०० मागून भागत नाही. शुल्क एकूण रकमेवर लागते, तेव्हा हातात ९,९३६ येतात. १०,००० ला ०.९२ ने भागायचे. उत्तर सुमारे १०,८७०. प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक आकारही असेल तर अगदी लहान देणग्यांचा मोठा वाटा त्यात जातो. भाव वाढतील, काही फुटेल म्हणून आणखी थोडी रक्कम धरावी आणि ती का धरली ते मोहिमेच्या पानावर लिहावे.

मोहीम ३० दिवसांपेक्षा लांबवू नये. किकस्टार्टर ६० दिवसांपर्यंत मुभा देते, पण ३० किंवा त्याहून कमी दिवसच सुचवते. पैसे सुरुवातीला आणि शेवटी येतात, मध्ये शुकशुकाट असतो. रिकामे पान पाहून अनोळखी माणूस परत फिरतो. म्हणून पान उघडण्याआधीच पालक, माजी विद्यार्थी, गावातले कलावंत अशा वीस-तीस जणांशी प्रत्यक्ष बोलून पहिल्या दोन दिवसांत देणगी द्यायचे कबूल करून घ्यावे. मधल्या शुकशुकाटात नवे काही दाखवावे : वर्गात तयार झालेले एखादे चित्र किंवा तालमीचा अर्धा मिनिट. ‘तुम्ही द्याल तेवढीच भर मी घालीन’ असा शब्द देणारा दाता असेल तर त्याची कमाल रक्कम आणि मुदत जाहीर करावी.

मुलांचे चेहरे, पूर्ण नावे आणि गणवेशावरचे शाळेचे नाव एकत्र दिसले की मूल कोणालाही ओळखता आणि शोधता येते. पालकांची लेखी संमती लागतेच. ती मिळाली तरी हात, पाठमोरी मुले आणि त्यांचे काम दाखवणे चांगले. केविलवाणे फोटो लावून पैसे मागू नयेत. ते मूल दहा वर्षांनीही इंटरनेटवर तसेच दिसत राहते.

या मार्गाची मर्यादा मात्र मोठी आहे. सुस्थितीतल्या पालकांची शाळा चटकन पैसे जमवते. जिथे गरज अधिक, तिथे ओळखीचे दाते कमी. देणग्या येतात असे दिसले की प्रशासन आपली तरतूद आखडते घेण्याचाही धोका असतो. वस्तू एकदा घेऊन भागते. शिक्षकाचा पगार दर महिन्याला लागतो, आणि शिक्षक नसेल तर व्हायोलिन कपाटातच राहते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेला ‘प्रस्ताव २८’ याच जागी बोट ठेवतो. राज्याच्या शालेय शिक्षणासाठीच्या हमी निधीच्या १ टक्क्याइतकी जादा रक्कम त्यामुळे दरवर्षी सरकारी शाळांतील कला आणि संगीतासाठी मिळते. ५०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण मंडळांना यातली किमान ८० टक्के रक्कम शिकवणाऱ्या माणसांच्या नेमणुकीवर खर्च करावी लागते, आणि कलेसाठी आधीपासून असलेली तरतूद कमी करून त्या जागी हे पैसे वापरता येत नाहीत.