पट्टी बघत नाही, रिमोट बघतो : निन्टेंडो वीची पार्श्वभूमी

निन्टेंडोचा वी म्हणजे टीव्हीला जोडून, हातातला रिमोट हलवून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. गणपतीच्या दिवसांत पुण्यातल्या ज्या घरात वी आहे, तिथे एक तक्रार ठरलेली. टीव्हीशेजारी मखर सजलं की रिमोटच्या रोखाने फिरणारा पडद्यावरचा हात थरथरतो, मधूनच कडेला पळतो. सेल नवे असतात, रिमोटही धड असतो. दोष असतो मखरावरच्या जुन्या, तारेच्या दिव्यांच्या माळेचा, नाहीतर शेजारी तेवणाऱ्या समईचा.

हे समजायचं तर आधी एक गैरसमज काढून टाकावा लागतो. टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवतात त्या काळ्या पट्टीचं नाव ‘सेन्सर बार’, पण तिच्यात सेन्सर नाहीच. दोन्ही टोकांना पाच-पाच इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) एलईडी आणि त्यांना वीज देणारी वायर, एवढाच तिचा संसार. बघण्याचं काम रिमोटच्या तोंडाशी काळ्या काचेमागे बसवलेला छोटा कॅमेरा करतो. त्याला पट्टीच्या दोन टोकांचे दोन ठिपके दिसतात. ठिपके कॅमेऱ्यात कुठे पडले यावरून रिमोटचा रोख कळतो, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की माणूस जवळ आहे की लांब ते कळतं, आणि रेघ तिरकी झाली की रिमोट किती वळवलाय ते कळतं. समईची ज्योत किंवा तापलेली तार भरपूर इन्फ्रारेड टाकते. म्हणजे कॅमेऱ्याला तिसरा, चौथा ठिपका दिसतो आणि त्याचा गोंधळ उडतो. एलईडीच्या माळांचा असा त्रास जवळजवळ होत नाही. शंका असेल तर वीच्या सेटिंगमध्ये सेन्सर बारच्या सेन्सिटिव्हिटीचं पान उघडून रिमोट पट्टीकडे धरावा. पडद्यावर दोनच ठिपके दिसले पाहिजेत. जास्त दिसले तर खोलीत दुसरा दिवा भांडतोय. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊनही हेच करतं.

इतकी साधी, जवळजवळ घरगुती वाटावी अशी रचना जगातल्या नावाजलेल्या कंपनीने का केली, याचं उत्तर तिच्या जुन्या स्वभावात आहे.

निन्टेंडोची सुरुवात १८८९ साली क्योतोत झाली. फुसाजिरो यामाउची यांचा धंदा होता हानाफुदा नावाच्या फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्याचा. पुढे १९६५ मध्ये कंपनीत आलेल्या गुनपेई योकोई यांनी तिला खेळण्यांकडे वळवलं आणि एक सूत्र दिलं. त्याचा शब्दशः अर्थ ‘वाळलेल्या तंत्राचा आडव्या दिशेने विचार’ असा होतो. आपल्याकडे मुरलेलं तंत्र म्हणावं. जे तंत्र जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना पाठ आहेत, ते उचलायचं आणि भलत्याच जागी वापरायचं. १९८० चा ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा खेळ कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर उभा होता. १९८९ चा ‘गेम बॉय’ रंगीत नव्हता, पण चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालायचा आणि त्यानेच रंगीत प्रतिस्पर्ध्यांना लोळवलं. योकोई १९९७ मध्ये गेले. वी त्यांनी पाहिला नाही, पण त्यात त्यांचा हात पानोपानी दिसतो.

पुण्यात मात्र निन्टेंडो आला तो नाव न सांगता. १९८३ च्या ‘फॅमिकॉम’ या निन्टेंडोच्या टीव्हीवर खेळायच्या यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात घरोघरी होत्या. त्याला कोणी निन्टेंडो म्हणत नसे. तो ‘व्हिडिओ गेम’ आणि त्यात खुपसायची ती ‘कॅसेट’. ती चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. (फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. चालायची ती परत नीट बसवल्यामुळे.)

२००१ साली आलेल्या ‘गेमक्यूब’ या वीच्या आधीच्या यंत्राने कंपनीला चांगलाच धडा शिकवला. तो २ कोटी १७ लाखांच्या आसपास विकला गेला, तर त्याच पिढीतला सोनीचा प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेला. २००२ मध्ये अध्यक्ष झालेल्या सातोरू इवाता यांनी निष्कर्ष काढला की ताकदीच्या शर्यतीत पळून उपयोग नाही. जे खेळतच नाहीत त्यांना खेळायला बसवायचं. आणि त्यांची अडचण काय, तर हातातलं ते दोन दांड्या आणि डझनभर बटणांचं यंत्र. ते बघूनच आजी म्हणते, ‘तुम्ही खेळा, मी बघते.’ टीव्हीचा रिमोट मात्र ती रोज उचलते. वीचा कंट्रोलर रिमोटसारखा एका हातात धरायचा झाला, तो यासाठी.

हालचालीने खेळायचे प्रयत्न आधीही झाले होते. १९८९ चा ‘पॉवर ग्लव्ह’ हातमोजा ध्वनिलहरींवर चालायचा आणि हात कुठे आहे याचा अंदाज इतका ढोबळ, की वैतागच जास्त. २००३ चा सोनीचा ‘आयटॉय’ कॅमेरा आकर्षक होता, पण खोलीतला उजेड बदलला की बावचळायचा. खुद्द निन्टेंडोने २००० मध्ये ‘किर्बी’च्या एका खेळाच्या कॅसेटमध्येच कल ओळखणारा सेन्सर बसवून पाहिला होता.

मुरलेलं तंत्र खरं आलं ते मोटारींतून. धडक बसली हे ओळखून एअरबॅग फुगवण्यासाठी सिलिकॉनवर कोरलेले, झटका मोजणारे सूक्ष्म ॲक्सेलरोमीटर अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणले. पंधराएक वर्षांत ते इतके स्वस्त झाले की खेळण्यात घालणं परवडू लागलं. वी रिमोटमध्ये त्याच कंपनीची एडीएक्सएल३३० ही चिप आहे. चाकण-पिंपरीकडच्या गाड्यांत जी विद्या जीव वाचवायला बसवतात, तीच इथे टेनिसची रॅकेट फिरवते.

या चिपची मर्यादा कळली की वीचे खेळ तसे का आहेत तेही कळतं. आत एक इवलासा भार बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. तो किती सरकला हे विजेच्या मापाने मोजतात. रिमोट टेबलावर पडून असला तरी चिप १ जी (एका गुरुत्वाकर्षणाइतका ओढा) दाखवते, कारण गुरुत्वाकर्षण त्या भाराला खाली ओढतंच. म्हणून रिमोट शांत धरला तर कल अचूक कळतो. पण हात जोरात फिरला की गुरुत्वाकर्षण आणि झटका यांची खिचडी होते आणि कल कुठला, हालचाल कुठली हे वेगळं काढता येत नाही. त्यात चिपची खात्रीची मोजणी साधारण ३ जीपर्यंतच. दणकून मारलेला फोरहँड त्यापलीकडे जातो. मग ‘वी स्पोर्ट्स’ या खेळातलं टेनिस काय करतं? ते तुमच्या हाताचा मार्ग मोजतच नाही. झटका केव्हा सुरू झाला आणि साधारण कुठल्या दिशेने, एवढंच बघतं. धावण्याचं काम पडद्यावरचा खेळाडू आपला आपण करतो. म्हणूनच घामाघूम झालेल्या बाबांना सोफ्यावर लोळून मनगट हलवणारी पोरगी हरवते. हे फसवणूक म्हणून नव्हे, मर्यादा झाकण्याची कारागिरी म्हणून बघावं. बोलिंगमध्ये ‘बी’ बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना सोडायचं. त्या एका बटणामुळे सुटण्याचा नेमका क्षण यंत्राला कळतो आणि आजीलाही पहिल्या मिनिटात जमतं.

‘रिव्होल्यूशन’ या कामचलाऊ नावाने घडलेलं हे यंत्र १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आलं, २ डिसेंबरला जपानमध्ये २५,००० येनला. प्लेस्टेशन ३ तेव्हा ४९९ डॉलरपासून पुढे होता. वीच्या पोटात ७२९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी साठवण, चित्र जास्तीत जास्त ४८० ओळींचं. कागदावर अगदीच गरीब. तरीही एकूण १० कोटी १६ लाख विकले गेले.

पहिलं संकट तांत्रिक नव्हतं, दोरीचं होतं. घामेजल्या हातातून रिमोट सुटायचा, मनगटाची दोरी तुटायची आणि टीव्ही फुटायचे. डिसेंबर २००६ मध्येच कंपनीने ०.६ मिलिमीटरच्या दोरीऐवजी १ मिलिमीटरची द्यायला घेतली, सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याची तयारी केली, आणि २००७ मध्ये रिमोटला सिलिकॉनचा अंगरखा फुकट वाटला. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये छताचा पंखा हा आणखी एक खेळाडू असतो. सर्व्हिसला हात वर जाण्याआधी तो कुठे आहे ते बघून घ्यावं.

पुण्यात अनेक वी आले ते अमेरिकेतल्या लेकाच्या, भाच्याच्या बॅगेतून, आणि त्यांच्यासोबत एक ठरलेला अपघातही. अमेरिकन अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा. तो आपल्या २३० व्होल्टवर लावला की आतला फ्यूज उडतो. यंत्र बहुतेकदा वाचतं. उपाय दोन. एक, युरोपीय वीचा २२०–२४० व्होल्टचा अडॅप्टर. बाहेर येणारी वीज दोन्हींची सारखीच, १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर, पिनही तीच. दोन, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत मिळणारा २३० चे ११० करणारा, तांब्याच्या गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर. १०० व्हीए क्षमतेचा पुरतो. प्रवासात इस्त्रीसाठी वापरतात ते हलके कन्व्हर्टर मात्र लावू नयेत.

डिस्कचंही तसंच. अमेरिकेच्या वीवर युरोपची डिस्क चालत नाही. जुना वी विकत घेताना अंगावरचा अनुक्रमांक वाचावा. ‘एलयू’ने सुरू होणारा अमेरिकेचा, ‘एलई’चा युरोपचा, ‘एलजे’चा जपानचा. मॉडेल आरव्हीएल-००१ असेल तर गेमक्यूबच्या डिस्काही चालतात. २०११ च्या आरव्हीएल-१०१ मध्ये ती सोय काढून टाकली.

कल आणि झटक्याची खिचडी सुटली ती जून २००९ मध्ये, ‘मोशनप्लस’ हा ठोकळा रिमोटच्या बुडाशी लावल्यावर. त्यात जायरोस्कोप होता, म्हणजे फिरण्याचा वेग स्वतंत्र मोजला जाऊ लागला. जायरो हळूहळू भरकटतो, म्हणून अधूनमधून रिमोट सपाट जागी उलटा ठेवायला सांगतात. ती विनंती टाळू नये, नाहीतर खेळातली तलवार सरळ धरूनही पडद्यावर वाकडीच दिसते. त्याआधी २००७ च्या अखेरीस आलेला ‘बॅलन्स बोर्ड’ तर सरळ वजनकाटा होता. चार पायांत चार सेन्सर, वरच्या भाराची वाटणी बघून तोल कुठे झुकलाय ते सांगणारा. मऊ सतरंजीवर ठेवला तर चुकतो, फरशीवर ठेवावा.

२०१० मध्ये हालचालीनेच खेळायचा सोनीचा ‘मूव्ह’ आणि मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ आला. दोन्ही तंत्राने सरस होते, पण तोवर नवल ओसरलं होतं. वीनंतरचा ‘वी यू’ २०१२ मध्ये आला आणि १ कोटी ३५ लाखांवर थांबला. नाव इतकं सारखं, की हे नवं यंत्र आहे हेच अनेकांना कळलं नाही. वीचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झालं. निन्टेंडोच्याच २०१७ च्या ‘स्विच’च्या जॉय-कॉन या कंट्रोलरमध्ये मात्र ॲक्सेलरोमीटर, जायरो आणि इन्फ्रारेड कॅमेरा ही सगळी मंडळी पुन्हा हजर आहेत.

आज माळ्यावरून वी काढलात तर आधी रिमोटचं झाकण उघडा. पावसाळ्यात विसरलेले सेल पाझरतात आणि पट्ट्यांवर पांढरं-हिरवं साचतं. अल्कलाइन सेल असतील तर कापसाच्या बोळ्याने व्हिनेगरचा थेंब लावायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवायचं. दर वेळी घड्याळ मागे जात असेल तर यंत्रातला सीआर२०३२ सेल बदलायचा. रिमोट ओळख देत नसेल तर यंत्राच्या पुढच्या छोट्या दारामागचं लाल बटण आणि रिमोटच्या सेलखालचं लाल बटण लागोपाठ दाबायचं. नव्या टीव्हीला तीन रंगांच्या पिना नसतात. एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर चालतो, पण टीव्ही ‘गेम मोड’वर टाकावा, नाहीतर चेंडू उशिरा दिसतो आणि दोष हाताला मिळतो.

आणि पट्टी हरवली असेल, किंवा उंदराने वायर खाल्ली असेल, तर नवी घ्यायची गरजच नाही. बुधवार पेठेतून सहा इन्फ्रारेड एलईडी आणि ४७ ओहमचे दोन रेझिस्टर आणायचे. तीन एलईडी आणि एक रेझिस्टर एका ओळीत जोडायचे, अशा दोन ओळी २० सेंटिमीटरवर बसवून यूएसबीच्या ५ व्होल्टवर लावायच्या. डोळ्यांना काही दिसणार नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की जांभळट ठिपके दिसतात. तेवढाही धीर नसेल तर टीव्हीखाली, पडद्यापासून जपून, दोन पणत्या तेवढ्याच अंतरावर लावाव्यात. पडद्यावरचा हात स्थिर उभा राहतो. पंखा तेवढा बंद ठेवावा लागतो.