मिनोक्सिडिल : केसांचे लोशन आणि बीपीची गोळी

५ टक्क्यांच्या मिनोक्सिडिल लोशनची बाटली ६० मिलीची असते. त्यात ३,००० मिलिग्रॅम औषध असते. हेच औषध बीपीसाठी पोटात देतात तेव्हा मोठ्या माणसाला दिवसाला ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि १०० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. आता घरातल्या चहाच्या चमच्याचा हिशोब करा. एका चमच्यात ५ मिली लोशन मावते, म्हणजे २५० मिलिग्रॅम. लहान मुलाने तेवढे गिळले तर बीपी धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून ही बाटली आरशासमोरच्या फळीवर खोबरेल तेलाशेजारी ठेवू नका. उंचावर, बंद कपाटात ठेवा.

केसांचे हे लोशन मुळात रक्तदाबाचे औषध आहे. १९७९ साली अमेरिकेत मिनोक्सिडिलच्या गोळीला मान्यता मिळाली, ती इतर औषधांना दाद न देणाऱ्या बीपीसाठी. गोळी घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातापायांवर केस वाढलेले दिसले. त्यावरून टाळूला लावायचे लोशन तयार झाले आणि १९८८ मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. लोशन घेणारे बरेच जण बीपीच्या डॉक्टरांना त्याबद्दल काही सांगत नाहीत, कारण 'ते तर केसांचं आहे' अशी समजूत असते. हृदयविकार, छातीत दुखण्याचा त्रास, किडनीचा आजार किंवा चालू बीपीच्या गोळ्या, यांपैकी काहीही असेल तर लोशन सुरू करण्याआधी डॉक्टरांना बाटलीच दाखवा.

आधी केस का जातात ते पाहा

मिनोक्सिडिल सगळ्या केसगळतीवर चालत नाही. घराण्यातून आलेली, शेंड्यावरून विरळ होत जाणारी गळती हे त्याचे खरे काम. पुढच्या कपाळापेक्षा शेंड्यावर ते जास्त लागू पडते. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात. तिथे पैसे घालवू नका. गोल, गुळगुळीत चकती पडली असेल (चाई), टाळू लाल असेल, खपल्या किंवा पू असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बाईचे केस अचानक गळू लागले तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

१८ वर्षांखालील मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आमच्या औषधांच्या दुकानातून आम्ही हे लोशन देत नाही. दाढी दाट यावी म्हणून तरुण मुले विचारतात. चेहऱ्यासाठी या लोशनला मान्यता नाही आणि आम्ही तसा सल्लाही देत नाही.

लोशन लावायची पद्धत

पुरुषांनी ५ टक्क्यांचे लोशन दिवसातून दोन वेळा लावावे, दर वेळी १ मिली. बायकांसाठी २ टक्क्यांचे लोशन दोन वेळा, किंवा ५ टक्क्यांचा फोम दिवसातून एकदाच. ड्रॉपरवर १ मिलीची रेघ असते, तिथपर्यंतच भरा. स्प्रे पंप असेल तर १ मिलीसाठी किती वेळा दाबायचे ते खोक्यावर वाचा, पंपापंपात फरक असतो. हिशोब सोपा आहे : ६० मिलीची बाटली दोन वेळच्या मापाने ३० दिवस पुरायला हवी. १८-२० दिवसांत संपत असेल तर जास्त लावले जात आहे. त्याने केस लवकर येत नाहीत, फक्त रक्तात जास्त औषध जाते. एरवी टाळूतून रक्तात साधारण दीड टक्काच उतरते.

टाळू कोरडी हवी. बोटाने भांग पाडत जा आणि औषध केसांवर न टाकता कातडीवर सोडा, मग बोटांच्या टोकांनी पसरवा. चोळून मालिश करायची गरज नाही. लगेच साबणाने हात धुवा. हाताला राहिलेले औषध गालाला, कानाला लागते आणि पुढे तिथेच केस उगवतात. लावल्यानंतर ४ तास डोके धुऊ नका. वाळवायला हेअर ड्रायर वापरू नका.

वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. भर उन्हातून येऊन घामाने निथळत्या डोक्यावर लोशन लावले तर ते कपाळावरून ओघळते, डोळ्यात गेले की झोंबते. आधी घाम निपटा, पंख्याखाली बसा, मग लावा. त्यानंतर पूर्ण वाळल्यावरच रुमाल बांधा किंवा हेल्मेट घाला. रात्रीचे लावणे झोपायच्या दोन तास आधी उरका. ओले डोके उशीवर टेकले की औषध उशीच्या खोळीला लागते, तिथून तुमच्या चेहऱ्याला आणि शेजारी झोपलेल्या लेकराला. तान्ह्या बाळाच्या तोंडाला, गालाला बापाचे ओले डोके सतत लागल्याने बाळाच्या अंगावर लव वाढल्याच्या नोंदी युरोपात झाल्या आहेत. घरात मांजर असेल तर जास्त जपा. मांजरीला हे औषध फार थोड्या मात्रेतही जीवघेणे ठरते, त्यामुळे तिला डोके किंवा उशी चाटू देऊ नका, आणि सांडलेले थेंब लगेच पुसून काढा.

लोशनमध्ये स्पिरिट असते, म्हणून ते पेट घेते. लावून लगेच चुलीपाशी, गॅसपाशी जाऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका. गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर उन्हात बाटली ठेवू नका.

तेलात मिसळून लावू नका. तेलाने थर बसतो आणि औषध कातडीपर्यंत नीट पोहोचत नाही. तेल लावायचेच असेल तर डोके धुण्याच्या दिवशी आधी लावा, धुऊन वाळवा, त्यानंतर लोशन. मेंदी किंवा कलप लावाल त्या दिवशी लोशनला सुट्टी द्या. काट्यांचा रोलर फिरवल्यावर निदान २४ तास थांबा, टोचलेल्या कातडीतून औषध भसाभस आत जाते. उन्हाने भाजलेल्या किंवा खरचटलेल्या टाळूचेही तेच. स्टेरॉइडचे किंवा ट्रेटिनॉइनचे मलम त्याच जागी लावत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र नको.

ग्राहक कुठे घाबरतात, कुठे चुकतात

दुसऱ्या आठवड्यापासून साधारण आठव्यापर्यंत केस आधीपेक्षा जास्त गळतात. इथेच निम्मी माणसे बाटली फेकून देतात, आणि आम्हाला याचे खरोखर वाईट वाटते, कारण औषध लागू पडत असल्याचे ते लक्षण असते. मुळाशी नवा केस उगवायला लागतो आणि थकून बसलेल्या जुन्या केसाला बाहेर ढकलतो. दोन महिन्यांनंतरही तशीच गळती राहिली तर मात्र दाखवा. फरक कळायला किमान ४ महिने लागतात. सुरुवातीला येते ती बारीक, फिकट लव. औषध बंद केले की मिळवलेले केस ३-४ महिन्यांत जातात, ही गोष्ट सुरू करण्याआधीच ऐकून घ्या. खर्च दर महिन्याचा आहे.

टाळूवर पांढरी भुकटी दिसली तर ती बऱ्याचदा कोंडा नसून वाळलेले औषध असते, साध्या शाम्पूने निघते. खाज, लाली, पापुद्रे आले तर दोष अनेकदा औषधाचा नसतो, ते ज्यात विरघळवतात त्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. फोममध्ये बहुधा तो नसतो. खोका घेऊन या, बदलून काय घेता येईल ते पाहू.

एक वेळ चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दुप्पट लावू नका.

खोक्यावर मिनोक्सिडिलसोबत 'फिनास्टेराइड' (पुरुषांच्या केसगळतीचे दुसरे औषध) असे लिहिलेले आहे का, ते जरूर वाचा. साध्या आणि फिनास्टेराइडवाल्या लोशनच्या कंपनीने दिलेल्या नावात बऱ्याचदा फक्त एका अक्षराचा फरक असतो. फिनास्टेराइड असलेले लोशन गरोदर बाईने हातातही घेऊ नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. नवऱ्याचे लोशन बायकोने लावणे म्हणूनच बंद करा.

आणि लोशन कधीही दुसऱ्या बाटलीत ओतू नका. २०१९ मध्ये स्पेनमध्ये मिनोक्सिडिलच्या पावडरीवर चुकून ॲसिडिटीच्या औषधाचे लेबल लागले, त्या पावडरीपासून बाळांसाठी पातळ औषध तयार झाले आणि बाळांच्या अंगभर केस उगवले. लेबल चुकले की असे होते. घरातली बिनलेबलची बाटली त्याच जातीची.

गोळी : हिची गोष्ट वेगळी

मिनोक्सिडिलची गोळी २.५, ५ आणि १० मिलिग्रॅममध्ये येते. चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. बीपीसाठी ती तेव्हाच देतात जेव्हा लघवीची गोळी आणि आणखी दोन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही बीपी उतरत नाही. केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञ तीच गोळी फार कमी मात्रेत, बहुधा ०.२५ ते ५ मिलिग्रॅम, स्वतःच्या जबाबदारीवर लिहितात. त्यामुळे घरी आल्यावर गोळ्यांच्या पत्त्यावरचा (स्ट्रिपवरचा) आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. २.५ च्या जागी १० घेतली गेली तर ती चौपट झाली. शेजाऱ्याचा पत्ता आणून घेणे तर जिवाशी खेळ.

ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. बीपी उतरते, पण शरीर त्याला उत्तर देते : हृदय जोरात धावते आणि किडनी मीठ-पाणी धरून ठेवते. म्हणून बीपीच्या मात्रेत तिच्यासोबत बहुतेक नेहमी दोन गोळ्या असतात. एक ठोके आवरणारी, जसे मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रानोलोल, आणि दुसरी लघवीची, जसे फ्युरोसेमाइड. 'सारखं लघवीला जावं लागतं' म्हणून बसच्या प्रवासात किंवा लग्नाला जाताना लघवीची गोळी तेवढी गाळणारे ग्राहक आहेत. तसे केले की पाणी साचते, आधी पायावर आणि पुढे क्वचित हृदयाच्या आवरणातही. वेळ बदलून घेता येते का ते डॉक्टरांना विचारा, गोळी गाळू नका. ठोक्यांची गोळीही एकदम तोडायची नसते.

रोज सकाळी उठून, लघवी करून, काही खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. मग बसल्या जागी मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. चार-पाच दिवसांत दोन-सव्वादोन किलो वजन वाढले, किंवा नाडी नेहमीपेक्षा २० ने जास्त लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. चपलेचा पट्टा घट्ट होणे, अंगठी न निघणे, आडवे झाल्यावर दम लागून उठून बसावे लागणे, हीही तीच खूण.

मीठ हाताने कमी करा. शेवभाजी, पापड, लोणचे, उडदाची डाळ-बट्टीवरचे वरून मीठ, हे सगळे गोळीच्या विरुद्ध ओढते. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्यानेही पाणी साचते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या किंवा शेतात फार घाम गेला तर बीपी एकदम खाली येऊन चक्कर येते. अशा वेळी त्या दिवसाच्या गोळ्यांबद्दल फोन करून विचारा आणि अंथरुणातून उठताना मिनिटभर कडेला बसून मग उभे राहा.

चेहऱ्यावर, हातांवर केस वाढणे हे बीपीच्या मात्रेत दहातल्या आठ जणांना होते. गोळी थांबवल्यावर ते एक ते सहा महिन्यांत जातात. बायकांना याचा फार मनस्ताप होतो आणि त्या न सांगता गोळी सोडतात. सांगा, पर्याय असतात.

लगेच दवाखाना

छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, धाप लागणे, कुणी लोशन पिणे किंवा जास्त गोळ्या गिळणे. उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. माणसाला आडवे झोपवा, पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर मात्र झोपवू नका, टेकवून बसवा. १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा गोळ्यांचा पत्ता सोबत न्या, किती मिली कमी झाले ते डॉक्टरांना त्यावरूनच कळते. डोळ्यात गेले असेल तर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवा.

पुढच्या वेळी येताना चालू असलेल्या सगळ्या औषधांचे पत्ते पिशवीत घालून आणा, काढा आणि चूर्णसुद्धा. अहिराणीत विचारलेत तरी काउंटरवर सगळे समजावून सांगू.